शरीरातील ऊर्जासाठ्यांची चालती प्रतिकृती : कामाच्या नोंदी

४ जानेवारी

अन्नातून मिळालेली ऊर्जा शरीर कोठे साठवते आणि गरज पडेल तेव्हा ती कशी बाहेर काढते, हे शिकवताना फळ्यावरचे चौकोन आणि बाण अपुरे पडतात, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. फळ्यावरचा चौकोन कधी रिकामा होत नाही आणि बाणातून किती वाहते ते दिसत नाही. म्हणून या सत्रात बरण्या, नळ्या आणि रंगीत पाणी वापरून एक चालती प्रतिकृती उभारण्याचे ठरवले आहे. हे काम पुढे कोणी हाती घेतले, तर माझ्या चुका त्यांच्या उपयोगी पडाव्यात, यासाठी या नोंदी ठेवत आहे.

आज फक्त हिशेब केला. ७० किलो वजनाचा प्रौढ माणूस धरला. त्याच्या सुमारे ५ लिटर रक्तात, उपाशीपोटी १०० मिलिलिटरमागे ९० मिलिग्रॅम या हिशेबाने, अवघे साडेचार ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे १८ किलोकॅलरी. यकृतात सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे ग्लुकोजचे साठवणीचे रूप, असते, त्याच्या ४०० किलोकॅलरी होतात. सर्व स्नायूंत मिळून सुमारे ४०० ग्रॅम ग्लायकोजेन असते, त्याच्या १,६०० होतात. मेद १२ किलो धरला, तर ग्रॅमला ९ किलोकॅलरीप्रमाणे १,०८,००० किलोकॅलरी होतात. खर्चाच्या बाजूला स्वस्थ बसलेल्या शरीराला तासाला सुमारे ७० किलोकॅलरी लागतात आणि त्यांतल्या २० एकट्या मेंदूच्या असतात. मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते, त्यावरून हा आकडा काढला आहे.

प्रमाण असे ठरवले, की १ मिलिलिटर पाणी म्हणजे १ किलोकॅलरी आणि १ मिनिट म्हणजे १ तास. या प्रमाणात मेदासाठी १०८ लिटरची टाकी लागते. ती ठेवायला जागा नाही, म्हणून तूर्त २० लिटरची बादली ठेवून तिच्यावर ‘प्रमाणात नाही’ अशी चिठ्ठी लावायची आहे.

७ जानेवारी

रक्तासाठी १ सेंटिमीटर आतला व्यास असलेली ॲक्रिलिकची नळी उभी बसवली. १८ मिलिलिटर पाणी तिच्यात २३ सेंटिमीटरपर्यंत चढते आणि ती लांबूनही दिसते. यकृतासाठी अर्धा लिटरची बरणी घेतली आणि स्नायूंसाठी २ लिटरची. जोडणीसाठी सलाईनच्या संचातल्या नळ्या आणि त्यांचे रोलर क्लॅम्प वापरले, कारण प्रवाह थेंबाथेंबाने कमी-जास्त करायला याहून सोपे साधन मला सापडले नाही. साखरेच्या पाण्याला निळा रंग दिला आहे.

अरुंद नळीत हवेचे बुडबुडे अडकून प्रवाह थांबतो. जोडणी करण्यापूर्वी प्रत्येक नळी पाण्याखाली धरून भरून घेतली की ही अडचण येत नाही. हे समजेपर्यंत दोन तास गेले.

१० जानेवारी

यकृताची बरणी आणि रक्ताची नळी एकाच पातळीवर ठेवून मी त्या साध्या नळीने जोडल्या होत्या. रक्तात वाढले की यकृतात जाईल आणि रक्तात घटले की यकृतातून येईल, अशी माझी कल्पना होती. मेंदूचा खर्च म्हणून रक्ताच्या नळीतून पाणी ओढणारा पंप सुरू केल्यावर दोन्हीकडचे पाणी बरोबरीने खाली येऊ लागले. यकृत निम्मे झाले तेव्हा रक्तही निम्मे झाले होते.

जिवंत शरीरात असे झाले, तर रात्रीच्या झोपेतून माणूस शुद्धीवर उठणार नाही. यकृतातला साठा पहाटेपर्यंत बराच उतरलेला असतो आणि तरीही रक्तातली पातळी जवळपास जागच्या जागी असते. साठा आणि पातळी यांची फारकत करणे, हेच यकृताचे मुख्य काम आहे आणि माझ्या जोडणीत नेमके तेच नव्हते. ग्लुकोज सुटे न ठेवता ग्लायकोजेनच्या फांद्या-फांद्यांच्या मोठ्या रेणूत गुंफून ठेवल्याने ही फारकत साधते. साठा कितीही असला, तरी त्याचा भार रक्तातल्या पातळीवर पडत नाही. पण गुंफायला ऊर्जा लागते आणि उकलायला आदेश लागतो.

म्हणून आज सगळे सोडवून पुन्हा जोडले. यकृताची बरणी रक्ताच्या नळीपेक्षा अर्धा मीटर उंचावर नेली. तिच्यात पाणी चढवायला छोटा पंप बसवला आणि उतरवायला क्लॅम्प लावलेली वेगळी नळी दिली. एका मुलाने पंपाचे बटण सांभाळायचे, तो इन्सुलिन, म्हणजे साखर साठवायला सांगणारे संप्रेरक. दुसऱ्याने क्लॅम्प सांभाळायचा, तो ग्लुकागॉन, म्हणजे साठा सोडायला सांगणारे संप्रेरक.

१३ जानेवारी

पहिल्याच चाचणीत दोघांनी एकाच वेळी काम सुरू ठेवले. वरून पाणी उतरत होते, खालून पंप ते वर चढवत होता, रक्ताची पातळी हलत नव्हती आणि पंप मात्र गरम होत होता. शरीरात साठवण आणि उकल एकाच वेळी जोरात चालली, तर अशीच ऊर्जा वाया जाईल. तसे होऊ नये म्हणून पेशीत एकाच आदेशाने दोन कामे होतात. ग्लायकोजेन बांधणाऱ्या विकराला (एन्झाइमला) जो संदेश थांबवतो, तोच संदेश ते तोडणाऱ्या विकराला चालू करतो.

त्यामुळे दोन मुलांऐवजी एकच तरफ केली. एक हातभर लाकडी पट्टी मधोमध बोल्टवर फिरती ठेवली. ती इन्सुलिनच्या बाजूला दाबली की यकृतातून उतरणारी नळी चिमटली जाते आणि पंपाचे बटण दाबले जाते. उलट बाजूला दाबली की पंप बंद होतो आणि नळी मोकळी होते. पट्टीचा जो भाग नळीवर टेकतो, तिथे रबराचा तुकडा चिकटवणे आवश्यक आहे. नुसत्या लाकडाने नळी पूर्ण मिटत नाही.

१४ जानेवारी

मेंदूच्या पंपाचे माप घेतले. मोजपात्र आणि घड्याळ लावून पाहिले तर मिनिटाला २७ मिलिलिटर येत होते. विद्युतदाब कमी करून ते २० वर आणले. तासाभराने पुन्हा मोजले तेव्हा १८ भरले, कारण पंपातली नळी चेपून मऊ झाली होती. प्रत्येक चाचणीपूर्वी माप घेण्याचा नियम केला आहे.

१८ जानेवारी

आज स्नायूंची बरणी जोडली आणि पुन्हा चुकलो. यकृताप्रमाणेच तिलाही मी रक्ताकडे परत येणारी नळी दिली होती. या जोडणीत उपाशी माणसाचा मेंदू २,००० किलोकॅलरींवर चार दिवसांहून अधिक काळ निवांत चालला असता. हे इतके सोयीचे वाटले की त्यामुळेच शंका आली, आणि पुस्तक उघडल्यावर चूक लक्षात आली. स्नायूंच्या पेशीत ग्लायकोजेन उकलते, पण त्यातून निघणाऱ्या ग्लुकोजवर फॉस्फेटचा गट चिकटलेला असतो आणि तो असेपर्यंत रेणू पेशीबाहेर पडू शकत नाही. हा गट काढणारे विकर यकृतात असते, स्नायूंत नसते. स्नायूंतली साखर म्हणजे ज्या स्नायूत साठवली त्याच्याच कामाची साखर. शरीरातल्या ग्लायकोजेनचा चार पंचमांश भाग अशा कुलूपबंद कोठारात असतो.

परतीची नळी काढली आणि एकाच दिशेने पाणी सोडणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला. तो उघडायला जेवढा दाब लागतो, तेवढा २३ सेंटिमीटर पाण्यातून मिळतच नाही, त्यामुळे स्नायूंत पाणी जाणेच बंद झाले. दुसरा व्हॉल्व्ह आणला, तो सैल निघाला आणि उलट दिशेने गळू लागला. शेवटी व्हॉल्व्हचा नाद सोडून स्नायूंची बरणी खाली ठेवली आणि नळीचे तोंड तिच्यातल्या पाण्याच्या वर चार बोटे अधांतरी टांगले. थेंब बरणीत पडतो आणि पडलेला थेंब परत नळीत चढू शकत नाही. एवढ्या साध्या उपायापर्यंत पोहोचायला पूर्ण दिवस लागला. ज्यांना एकेरी वाट दाखवायची आहे, त्यांनी थेट हाच मार्ग घ्यावा.

स्नायूंकडे जाणारी ही नळीही तरफेखाली घेतली. इन्सुलिनच्या बाजूला ती मोकळी होते. इन्सुलिन आले की स्नायूंच्या पेशी ग्लुकोज आत घेणारी दारे पृष्ठभागावर आणतात, ते यातून दिसते. व्यायामाच्या वेळी ही दारे इन्सुलिनशिवायही उघडतात. ते दाखवण्यासाठी एक साधी चिमटीने उघडणारी आडवाट ठेवली.

२१ जानेवारी

मेदाच्या बादलीत पिवळे पाणी भरून तिची नळी थेट रक्ताच्या नळीला जोडली आणि या एका जोडणीने दोन दिवसांचे काम वाया गेले. उपासाची चाचणी सुरू करताच रक्ताची नळी हिरवी झाली. मेंदूचा पंप हिरवे पाणी ओढू लागला. पंप थांबवण्यापूर्वी यकृताकडची नळीही रंगली होती.

रंग बिघडला याहून मोठी चूक म्हणजे मी जे दाखवले होते ते शरीरात घडत नाही. मेदाम्लांची साखळी दोन-दोन कार्बनांचे तुकडे करत तोडली जाते आणि त्या तुकड्यांपासून माणसाच्या शरीरात पुन्हा ग्लुकोज बांधता येत नाही, कारण मधली एक पायरी उलट दिशेने चालत नाही. ग्लुकोजपासून मेद होऊ शकतो, पण मेदाम्लांपासून ग्लुकोज होत नाही. अपवाद फक्त ज्याच्यावर तीन मेदाम्ले टांगलेली असतात त्या ग्लिसरॉलचा. तो यकृतात ग्लुकोज होऊ शकतो, पण मेदाच्या वजनात त्याचा वाटा जेमतेम एक दशांश असतो.

यापुढे पिवळी आणि निळी वाट वेगळी. पिवळ्या वाटेवर हृदय, यकृत आणि विश्रांतीत असलेले स्नायू ठेवले. मेंदू निळ्या वाटेवरच ठेवला, कारण मेदाम्ले त्याला इंधन म्हणून जवळपास मिळत नाहीत. तांबड्या रक्तपेशीही निळ्या वाटेवरच आहेत, कारण त्यांत तंतुकणिका, म्हणजे पेशीतली ऊर्जानिर्मितीची केंद्रे, नसतात आणि तंतुकणिकांशिवाय मेद जाळता येत नाही.

२२ जानेवारी

नळ्या आणि यकृताची बरणी दिवसभर धुतली. पाणी स्वच्छ येऊ लागल्यावर सगळे भरून ठेवले आणि आज सकाळी पाहिले, तर बरणीतले पाणी पुन्हा फिकट हिरवे झाले होते, कारण नळ्यांच्या भिंतींत मुरलेला रंग रात्रभर सुटत राहिला होता.

ते पाहून मला फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लॉड बर्नार्ड यांचा १८५५ सालचा प्रयोग आठवला आणि मुलांना तो तिथेच उभ्या-उभ्या सांगितला. त्यांनी प्राण्याच्या यकृतातल्या रक्तवाहिन्यांमधून पाणी सोडून ते इतके धुतले की बाहेर येणाऱ्या पाण्यात साखर उरली नाही. ते यकृत तसेच ठेवले आणि दुसऱ्या दिवशी तपासले, तर त्यात पुन्हा भरपूर साखर होती. रक्तपुरवठा तोडलेल्या अवयवात साखर बाहेरून येणे शक्य नव्हते. यकृतातच काहीतरी न विरघळणारे साठवलेले आहे आणि त्यातून साखर सुटते, हे त्यावरून सिद्ध झाले. १८५७ मध्ये त्यांनी तो पदार्थ वेगळा काढला आणि त्याला ग्लायकोजेन हे नाव दिले. शिकवण्याच्या दृष्टीने हा दिवस वाया गेला असे मी म्हणणार नाही.

सगळ्या सिलिकॉनच्या नळ्या मात्र टाकून द्याव्या लागल्या.

२५ जानेवारी

मेदाची २० लिटरची बादली पाहून एका मुलीने विचारले, “सर, म्हणजे मेदावर माणूस बारा दिवस जगेल का?” तिने बादलीतले २०,००० मिलिलिटर घेऊन त्यांना दिवसाच्या १,६८० ने भागले होते. ‘प्रमाणात नाही’ ही चिठ्ठी तिच्या डोळ्यांसमोर होती, पण डोळा बादलीवर विश्वास ठेवतो, चिठ्ठीवर नाही. खरा भागाकार ६४ दिवसांचा आहे. बादली काढून १२० लिटरचे पिंप आणले.

पाणी आपोआप खाली उतरावे म्हणून पिंप कमरेएवढ्या उंचीच्या फळीवर चढवले आणि भरायला लागलो. सत्तरेक लिटर भरले असतील, तेव्हा फळी मधोमध वाकली. आम्ही पिंप धरेपर्यंत ती कडाडून मोडली. कोणालाही इजा झाली नाही, हे आधी नमूद करतो. पण प्रयोगशाळेत सगळीकडे पाणी झाले आणि उरलेली दुपार ते उपसण्यात गेली. ज्यांना हे करायचे आहे, त्यांनी पाण्याचे पिंप फळीवर अजिबात चढवू नये.

संध्याकाळी ओली वही वाळवताना एक गोष्ट ध्यानात आली आणि या सगळ्या कामातून मला मिळालेली ती सर्वांत मोलाची गोष्ट आहे. शरीरात ग्लायकोजेन कोरडे राहत नाही. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधलेले असते. म्हणजे ४ किलोकॅलरी साठवायला ४ ग्रॅमचा ऐवज वाहावा लागतो, ग्रॅममागे १ किलोकॅलरी. माझ्या प्रतिकृतीतही १ ग्रॅम पाणी म्हणजे १ किलोकॅलरीच होती. माझ्या नकळत मी ओल्या ग्लायकोजेनचे वजनासहित प्रमाण वापरले होते. यकृताच्या बरणीतले ४०० ग्रॅम पाणी म्हणजे १०० ग्रॅम ग्लायकोजेन आणि त्याने धरलेले ३०० ग्रॅम पाणी, असे ते जसेच्या तसे जुळत होते.

मग मेदाच्या पिंपाचे १०८ किलो कशाचे? माणसाने आपला सगळा साठा मेदाऐवजी ग्लायकोजेनच्या रूपात ठेवला असता, तर त्याला २७ किलो ग्लायकोजेन आणि ८१ किलो पाणी अंगावर वागवावे लागले असते, त्याचे ते वजन होते. फळी त्या वजनाच्या दोन तृतीयांशातच मोडली. तेवढीच ऊर्जा मेदाच्या रूपात १२ किलोंत मावते, कारण मेद पाणी धरत नाही आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममध्ये दुपटीहून अधिक ऊर्जा असते. मेदपेशीत मेदाचा एकच मोठा थेंब जवळपास सगळी जागा व्यापून असतो आणि पेशीचे बाकीचे सर्व साहित्य कडेला पातळ थरात दाबलेले असते.

जेवण एकदम कमी केल्यावर पहिल्या दोन-चार दिवसांत काट्यावर जी मोठी घट दिसते, तिचाही उलगडा यातच आहे. ५०० ग्रॅम ग्लायकोजेन उतरले, तर त्याच्यासोबत दीड लिटर पाणीही जाते, म्हणजे २ किलो वजन घटते, पण मेद मात्र फारसा हललेला नसतो. पुन्हा नेहमीसारखे जेवले की ते २ किलो तितक्याच लवकर परत येतात.

२९ जानेवारी

मेदाच्या जागी आता खरेच तेल ठेवले आहे. १२ किलो तेल म्हणजे सुमारे १३ लिटर. ते एका डब्यात मावले आणि नव्या फळीने ते सहज पेलले. तेलाच्या वाटेवर १ मिलिलिटरमध्ये सुमारे ८.३ किलोकॅलरी येतात, म्हणून मेंदू वगळता उरलेल्या शरीराच्या ५० किलोकॅलरींसाठी मिनिटाला फक्त ६ मिलिलिटर तेल सोडावे लागते. निळ्या बरण्यांच्या शेजारी हा डबा ठेवल्यावर वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.

अडचण दोन दिवसांनी आली. तेलामुळे सिलिकॉनची नळी फुगून मऊ झाली आणि तरफेखाली तिने चिमटणे सोडून दिले. इंधनासाठी वापरतात तशी तेलाला टिकणारी नळी आणल्यावर प्रश्न सुटला. तेल आणि पाणी मिसळत नसल्याने जोडणीत चूक झाली तरी रंग बिघडत नाही, हा एक फायदा. शरीरातही हीच अडचण आहे. मेदाम्ले रक्तात विरघळत नाहीत, म्हणून ती अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून प्रवास करतात.

तेलाची नळी तरफेच्या इन्सुलिन बाजूखाली घेतली आहे. इन्सुलिन वाढले की मेदपेशीतून मेद सुटणे थांबते, आणि या परिणामासाठी इन्सुलिनची अगदी थोडी मात्राही पुरते.

२ फेब्रुवारी

उपासाची पहिली पूर्ण चाचणी घेतली. वीस मिनिटांत यकृताची बरणी रिकामी झाली. त्यानंतर रक्ताच्या नळीतले १८ मिलिलिटर ५४ सेकंदांत संपले आणि मेंदूच्या पंपाने हवा ओढली. तेलाचा डबा बाजूला जवळजवळ भरलेला होता.

मुले पंपाच्या त्या कोरड्या आवाजाने गंभीर झाली. हिशेबाने सारे बरोबर होते, पण माणूस वीस तासांच्या उपासाने बेशुद्ध पडत नाही, म्हणजे प्रतिकृतीत एक पूर्ण यंत्रणा राहून गेली होती. यकृत फक्त साठवणूक करत नाही, ते ग्लुकोज नव्याने बनवतेही.

५ फेब्रुवारी

या यंत्रणेसाठी यकृताच्या बरणीत तीन वाटा आणल्या.

पहिली लॅक्टेटची. तांबड्या रक्तपेशी आणि जोरात काम करणारे स्नायू ग्लुकोज अर्धवट वापरून लॅक्टेट बाहेर टाकतात आणि यकृत मेदाच्या ऊर्जेवर त्याचे पुन्हा ग्लुकोज करते. हे चक्र कार्ल आणि गर्टी कोरी यांनी उलगडले, त्यांना १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हिशेबात यामुळे निळे पाणी वाढत नाही, ते फक्त फिरत राहते, म्हणून ही वाट एका बंद वळशाने दाखवली. दुसरी वाट ग्लिसरॉलची, दिवसाला ७० मिलिलिटर, सलाईनच्या थेंबांनी.

तिसरी प्रथिनांची, आणि ती दाखवण्यात मला सर्वाधिक वेळ लागला. साखर आणि मेद यांच्यासाठी शरीरात कोठारे आहेत, पण प्रथिनांसाठी नाही. शरीरातले प्रत्येक प्रथिन कुठल्या तरी कामावर असते. ते इंधनासाठी घ्यायचे, तर चालू घराची वीट काढावी लागते. सुरुवातीला मी प्रथिनांची वेगळी बरणी ठेवली होती, ती काढून टाकली. तिच्याऐवजी स्नायूंची बरणी लाकडी पट्ट्यांच्या चळतीवर ठेवली. एक पट्टी म्हणजे ७५ ग्रॅम प्रथिन. उपासाच्या पहिल्या दिवसांत रोज साधारण एवढे प्रथिन मोडले जाते आणि त्यातून मी ४० ग्रॅम ग्लुकोज धरले. एक पट्टी खालून काढायची आणि १६० मिलिलिटर निळे पाणी यकृताच्या वाटेला लावायचे. पट्टी काढली की स्नायूंची बरणी तेवढी खाली बसते.

८ फेब्रुवारी

जेवणाच्या चाचणीत तरफेचा बोल्ट सैल झाला. तरफ ग्लुकागॉनच्या बाजूला पडून राहिली. वरून जेवणाचे पाणी येत होते, यकृतही पाणी सोडत होते, स्नायूंची वाट बंद होती आणि तेल मोकळे वाहत होते. रक्ताची नळी काठोकाठ भरून जमिनीवर सांडली.

इन्सुलिन नसलेल्या शरीरात हेच होते. बाहेर साखरेचा पूर आणि पेशी मात्र उपाशी, त्यात मेदही बेलगाम सुटलेला. फक्त साखर जमिनीवर न सांडता लघवीतून जाते. रक्तातली पातळी १०० मिलिलिटरमागे सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडे ती पूर्णपणे परत शोषू शकत नाहीत. माझ्या नळीत ही पातळी ४६ सेंटिमीटरवर येते, म्हणून तिथे भोक पाडून ‘मूत्रपिंड’ अशी तोटी बसवायचे ठरवले. पहिली नळी भोक पाडताना तडकली. दुसरीवर चिकटपट्टी लावून, बारीक बिटने, अगदी सावकाश आणि वर पाण्याचे थेंब सोडत भोक पाडले, ते नीट जमले.

मी बोल्ट आवळला आणि पुराचे पाणी दोन मिनिटांत उतरले. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचले गेले. त्यापूर्वी अशा मुलांसाठी उपासमारीच्या आहाराखेरीज हातात काही नव्हते. बोल्ट आवळताना ते मनातून जात नव्हते.

१० फेब्रुवारी

जेवणाची चाचणी व्यवस्थित पार पडली. १०० ग्रॅम कर्बोदके, म्हणजे ४०० मिलिलिटर निळे पाणी, तीन मिनिटांत सोडले. पहिल्या फेरीत पातळी ४१ सेंटिमीटरपर्यंत चढली, कारण तरफ सांभाळणारा मुलगा पातळी वाढल्यावर हलत होता. पाणी आतड्यातून येऊ लागताच तरफ थोडी दाबायला सांगितल्यावर दुसऱ्या फेरीत ती ३६ च्या आत राहिली. इन्सुलिन सोडणारे स्वादुपिंडही असेच करते. आतड्यातून येणारे संप्रेरकांचे संदेश त्याला आगाऊ सूचना देतात.

यकृत भरले की उरलेले पाणी मेदाच्या डब्यात जाईल, अशी नळी मी आधी योजली होती, तीही रद्द केली. कर्बोदकांपासून मेद तयार होतो खरा, पण त्या रूपांतरात सुमारे एक चतुर्थांश ऊर्जा खर्ची पडते आणि नेहमीच्या आहारात शरीर त्या मार्गाने फारसे जात नाही. आधी साखर जाळली जाते आणि जेवणातला मेद जवळजवळ तसाच कोठारात जातो. म्हणून जेवणातले तेल थेट डब्यात ओतायचे ठेवले. रूपांतर दाखवायचेच असेल, तर १०० मिलिलिटर निळे पाणी फेकून डब्यात ९ मिलिलिटर तेल घालायचे, ते हाताने केलेलेच बरे.

पेशीचे रोजचे चलन जे एटीपी, ते कुठे आहे, असा प्रश्न आला. ते या प्रतिकृतीत नाही. शरीरातला त्याचा तयार साठा जोरदार श्रमांत दोन-तीन सेकंदांत संपतो आणि माझ्या घड्याळात ते मिनिटाचा हजारावा भागही होत नाही. ते दाखवण्याचा मोह मी सोडला.

१४ फेब्रुवारी

आज ४८ मिनिटांचा उपास चालवला. पहिल्या २४ मिनिटांत यकृताचे ४००, ग्लिसरॉलचे ७० आणि एका पट्टीचे १६० असे ६३० मिलिलिटर हाती होते, मेंदूने ४८० घेतले आणि १५० उरले. प्रत्यक्षात यकृतातले ग्लायकोजेन साधारण दिवसभरात बहुतेक संपते, कारण पहिल्या तासांत इतर अवयवही ग्लुकोज घेतात. ते मी मोजलेले नाही, हे मुलांना सांगितले. दुसऱ्या दिवशी १५० अधिक २३० म्हणजे ३८०, आणि गरज ४८०. शंभर कमी पडत होते.

हे शंभर किटोनांनी भरायचे होते. इन्सुलिन बराच काळ खाली राहिले की यकृत मेदाम्लांपासून किटोन बनवू लागते, ते पाण्यात विरघळतात आणि मेंदूला इंधन म्हणून चालतात. त्यासाठी तेलाच्या वाटेवर एक चिमटा ठेवला होता. २४ व्या मिनिटाला तो किंचित उघडला आणि जेवढे तेल त्या वाटेने गेले, त्या मापाने मेंदूच्या पंपाचा वेग कमी केला. ४८ व्या मिनिटाला यकृताच्या तळाशी बोटभर पाणी शिल्लक होते. पंपाने हवा ओढली नाही.

आतापर्यंत साठ तासांहून अधिक वेळ गेला आणि त्यातला तिसरा हिस्सा आधी केलेले उसकटण्यात गेला.

शेवटी घड्याळ थांबवून ‘पाच आठवडे उलटले’ अशी पाटी लावली. या टप्प्यावर मेंदूच्या गरजेचा निम्म्याहून अधिक भाग किटोन भागवतात आणि रोज मोडणारे प्रथिन ७५ ग्रॅमवरून २० ग्रॅमच्या आसपास येते. आधी दर २४ मिनिटांनी एक पट्टी काढावी लागत होती, आता ९० मिनिटांनी एक. पट्टीजवळ बसलेली मुलगी हात पुढे करून वाट पाहत होती. पुढच्या तासाची घंटा झाली, तेव्हा पट्टी काढायला अजून पन्नास मिनिटे होती. तिने चळतीवरचा ताण हाताने चाचपून पाहिला, पट्टी जागच्या जागी ठेवली आणि तेलाचा चिमटा बंद केला.